गोळी चालू, क्रीम बंद: नेमकं उलटं झालंय

"काकू, माझा धाकटा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. पेठेच्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. वर्षभर चेहऱ्यावर आणि पाठीवर पुटकुळ्या होत्या, आता पू भरलेले मोठे फोड यायला लागलेत. स्किनच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी डॉक्सिसायक्लीन १०० ची रोज एक गोळी, सकाळी लावायला बेंझॉइल पेरॉक्साइड जेल आणि रात्री अ‍ॅडापलीनची क्रीम दिली. तीन आठवडे झाले. गोळी उपाशीपोटी घेतली की मैदानावर मळमळायचं, म्हणून मी रात्री झोपताना घ्यायला लावली. दोन दिवसांत छातीत असं जळजळलं की घास गिळवेना. आता सकाळी सराव झाला की गंगावेशेत दुधाबरोबर घेतो. क्रीमनं चेहरा सोलवटला, म्हणून क्रीम आणि जेल दोन्ही बंद केलं. नाक-कान उन्हानं भाजल्यासारखे झालेत. सासूबाई म्हणतात, एवढं पॉवरफुल औषध पोराच्या लिव्हरची वाट लावणार. ओळखीचा मेडिकलवाला म्हणतो, हे सोडा, आठवड्यातले तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसीन द्या. थोरली लेक माहेरी आलीय, सहा महिन्यांपूर्वी लग्न झालं. तिच्याही हनुवटीवर पुटकुळ्या आहेत. तिला यातलीच गोळी चालेल का? आणि ह्याची बंद करू का?"
— एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

ताई, लेकीपासून सुरू करते, कारण घाई तिथं आहे. तिला त्या पाकिटातली एकही गोळी देऊ नका. दिवस राहिलेत की नाही हे पहिले काही आठवडे बाईचं तिलाही ठाऊक नसतं, आणि डॉक्सिसायक्लीन ज्या घराण्यातली, ती टेट्रासायक्लीनची औषधं पोटातल्या बाळाच्या दातांत आणि हाडांत जाऊन बसतात. भावाची रात्रीची क्रीमही तिनं उचलायची नाही, गरोदरपणात तीही चालत नाही. विशी-पंचविशीत हनुवटीला आणि जबड्याच्या कडेला पुटकुळ्या येत असल्या तर त्यामागं बऱ्याचदा हार्मोन्सची गडबड असते. पाळी वेळेवर येते का, ओठावर-हनुवटीवर केस वाढलेत का, एवढं विचारा आणि तिचा वेगळा केसपेपर काढा.

आता धाकटा. त्याची गोळी बंद करू नका. मात्र गिळताना अजून दुखत असेल तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अन्ननलिकेला जखम झालेली असू शकते, ती भरायला थोडे दिवस द्यावे लागतात.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. मळमळ, जळजळ, ऊन, लिव्हर यावर पानभर लिहिलंत आणि जेल-क्रीम बंद केल्याचं अर्ध्या ओळीत. खरी चूक तिथं झालीय. त्या चिठ्ठीतली गोळी सोबतीला दिलेली होती, मुख्य औषध त्या दोन ट्यूबा आहेत. तुम्ही सोबतीला ठेवून घेतलंत आणि घरधन्याला बाहेर घालवलंत.

बघा कसं होतं. या वयात त्वचेखालच्या ग्रंथी तेल जास्त सोडतात. तेल बाहेर यायचं तोंड मेलेल्या त्वचेच्या पापुद्र्यानं बुजतं. बुच बसलं की आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू पोसले जातात (जुन्या पुस्तकांत त्यांचं नाव प्रोपिओनीबॅक्टेरियम आहे), आणि त्यावर शरीर चिडतं. लाली, ठणका, पू हे सगळं त्या चिडण्याचं. डॉक्सी जंतूही कमी करते आणि ही चिडही शांत करते, म्हणून लाल, पुवाच्या फोडांवर ती लागू पडते. पाठीवर, जिथं स्वतःचा हात पोचत नाही आणि आईकडून क्रीम लावून घ्यायची सतरा वर्षांच्या पोराला लाज वाटते, तिथं तर गोळीचा मोठाच आधार. पण बुच ती काढत नाही. ते काम रात्रीच्या अ‍ॅडापलीनचं. काळे-पांढरे ठिपके आणि मागं राहिलेले खड्डे यांवर गोळीचा जवळजवळ काहीच इलाज चालत नाही.

जेलचं काम आणखी वेगळं. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतूंना ऑक्सिजननं मारतं आणि त्याला जंतू सरावत नाहीत. डॉक्सीला मात्र सरावतात. नुसती गोळी पोटात जात राहिली की जे जंतू तिला पुरून उरतात तेच वाढतात. हे फक्त गालावर होत नाही, घसा, आतडं, त्वचा, सगळीकडं होतं. असे निर्ढावलेले जंतू घरातल्या माणसांच्या अंगावरही जाऊन राहतात. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांचे हल्लीचे नियम सांगतात की ही गोळी एकटी द्यायची नाही आणि तीन-चार महिन्यांच्या पुढं रेटायची नाही. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेनं 2024 साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही डॉक्सीची जोरदार शिफारस आहे आणि त्याच दमात बेंझॉइल पेरॉक्साइड सोबत द्या, मुदत कमी ठेवा, असं बजावलंय. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी याला धरून आहे. चांगली चिठ्ठी आहे.

मुदतीबद्दल मी एवढी का बोलते ते सांगते. पस्तीस वर्षं मी औषधाच्या काउंटरमागं उभी होते. एक मुलगी दर महिन्याला रिकामी स्ट्रिप नाचवत यायची, "मावशी, हीच द्या." चिठ्ठी कधीच हरवलेली. गोळी मिनोसायक्लीनची, म्हणजे डॉक्सीच्याच घरातली. पुटकुळ्या केव्हाच गेल्या होत्या, पण बंद केली की परत येतात म्हणून चालू. मीही देत राहिले, गिऱ्हाईक नेहमीचं, पैसे रोख, कोण कशाला विचारतंय? दीड वर्षानं एका दुपारी ती सुटे पैसे मोजायला काउंटरवर वाकली आणि तिच्या गालावरच्या जुन्या खड्ड्यांत मला निळसर-करडी झाक दिसली, बॉलपेनचं टोक रुतून शाई आत राहावी तशी. मिनोसायक्लीन व्रणांत असा रंग धरते, हे मी कॉलेजात पाठ केलेलं होतं. त्या दिवशी स्ट्रिप दिली नाही, तिला डॉक्टरांकडं पाठवलं. पण आधीच्या सगळ्या स्ट्रिपा माझ्याच हातून गेल्या होत्या.

डॉक्सी असा रंग सहसा धरत नाही, घाबरू नका. तरी आज संध्याकाळी एक करा: गोळी सुरू केली त्या दिवसापासून तीन महिने मोजा आणि ती तारीख स्केच पेननं औषधाच्या डब्यावर लिहून ठेवा. त्या तारखेनंतर मेडिकलमधून परस्पर एकही स्ट्रिप आणायची नाही. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते ना, तिचा अर्थ हाच आहे. चिठ्ठीशिवाय ही औषधं घेऊ नका, म्हणून 2016 मध्ये सरकारनं या लाल रेघेची मोहीमच काढली होती.

आता गोळी घ्यायची कशी. तीन आठवड्यांत तुम्ही गोळीच्या तीन वेगवेगळ्या वेळा करून पाहिल्यात आणि तिन्ही नेमक्या चुकीच्या निवडल्यात. हसत नाही हं, असं करणारे शंभर बघितलेत.

उपाशीपोटी मळमळतं, हे तुम्हाला कळलंच. झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतलेली डॉक्सी अन्ननलिकेत अडकून बसते, तिथं विरघळते आणि ती आम्लधर्मी असल्यामुळं आतून भाजते. छातीत जळजळलं आणि घास गिळवेना तो यामुळं. ही गोळी पडल्या पडल्या किंवा कोरडी गिळायची नाहीच. मोठं फुलपात्र भरून पाणी प्यायचं आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, आडवं व्हायचं नाही.

राहिलं गंगावेशेचं दूध. डोळ्यांसमोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देतात, त्या दुधाला नावं ठेवली तर कोल्हापूरकर मला गावात राहू देणार नाहीत. दूध पिऊ दे त्याला. पण दुधातलं कॅल्शियम डॉक्सीला धरून ठेवतं आणि गोळीचा काही भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. जुन्या टेट्रासायक्लीनइतकं डॉक्सीचं नुकसान होत नाही, तरी घेतलेली गोळी वाया का घालवायची? दूध, दही, ताक यांच्यात आणि गोळीत दोन-तीन तास जाऊ द्या. लोहाची, कॅल्शियमची, झिंकची गोळी किंवा ती सगळं मिळून असलेली टॉनिकं असतील तर त्यांनाही हाच नियम. छातीत जळजळतं म्हणून तुम्ही त्याला ते गुलाबी पातळ औषध पाजलं असेल, असा माझा अंदाज आहे. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमही गोळीला असंच अडवतं.

मग कधी घ्यायची? दुपारचं जेवण झाल्यावर. भाकरी-आमटी पोटात, वर भरपूर पाणी, जेवणात ताक नको, आणि नंतर अभ्यासाला बसवा. झोपू देऊ नका, बारावीचं वर्ष आहे, तुम्हाला दोन्ही अर्थांनी बरं. एखादा दिवस चुकली तर चुकली, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

नाक-कान भाजले तेही याच गोळीचं. डॉक्सी चालू असताना त्वचा उन्हाला हळवी होते. तेच ऊन, तेच मैदान, पण पूर्वी दोन तासांत जे व्हायचं ते आता अर्ध्या तासात होतं. कुणाकुणाची नखंसुद्धा उन्हानं दुखतात आणि कडेनं सुटतात. फुटबॉलवाल्याला हे जपणं अवघड, मला मान्य आहे. सराव सकाळी लवकर असतो तो ठीक. शाहू स्टेडियमवर भर दुपारचे सामने असतात तेव्हा निघण्यापूर्वी अर्धा तास तेलकट नसलेलं, जेलसारखं सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, चेहरा, कान, मान आणि हातांना, आणि हाफटाइमला पुन्हा. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला असेल तर डोक्यावर टोपी. आणि अंगावर एकदम फोड येण्याइतकं भाजलं तर ते डॉक्टरांना दाखवायचं, कोरफड लावून मिटवायचं नाही.

लिव्हरचं बोलू. सासूबाईंची भीती अगदीच हवेतली नाही, गोळीनं यकृताला सूज आल्याची उदाहरणं आहेत. पण डॉक्सीत ती फार विरळा, मिनोसायक्लीनमध्ये त्या मानानं जास्त. एरवी धडधाकट असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला तीन महिन्यांसाठी रोज 100 मिलिग्रॅम ही घाबरण्यासारखी गोष्ट नव्हे. दातांवर डाग पडतात हेही कुणी ना कुणी सांगेलच. ते आठ वर्षांखालच्या मुलांचं, याचे पक्के दात कधीच बनून झालेत. पॉवरफुल म्हणाल तर सासूबाईंना सांगा, पुराच्या पाण्यात उतरलेल्या माणसांना लेप्टो (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ नये म्हणून डॉक्टर आठवड्याला हीच डॉक्सी देतात, तीही 200 मिलिग्रॅम. पंचगंगेचा पूर पाहिलेल्या आपल्या गावाला हे औषध परकं नाही.

जाता जाता, औषधवाल्यांच्या कौतुकाची एक गोष्ट. या घराण्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसीन, अमेरिकेतल्या मिसुरी इथल्या शेतातल्या मातीत सापडलेल्या जंतूपासून निघालं. 1948 साली ते जगापुढं आलं, आणि ज्या लेडर्ली कंपनीत ते झालं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव. डॉक्सी त्याच वंशातली, साठच्या दशकातली. तालमीच्या गावाला मातीतून आलेल्या औषधाचं वावडं असायचं कारण नाही, असं मी काउंटरवर गमतीनं म्हणायचे.

मेडिकलवाल्या भाऊंचं अ‍ॅझिथ्रोमायसीन. काही वेळा डॉक्टर ते देतात हे खरं, विशेषतः जिथं डॉक्सी चालत नाही तिथं, म्हणजे गरोदर बाईला वगैरे. पण तुमच्या मुलासाठी ते पहिलं औषध नव्हे. अ‍ॅझिथ्रोमायसीन शरीरात दिवसचे दिवस रेंगाळतं, म्हणून तर आठवड्याला तीनच गोळ्या पुरतात, आणि त्या रेंगाळण्यात जंतूंना सराव करायला भरपूर सवड मिळते. आपल्याकडं टायफॉइडला तोंडावाटे देता येतील अशी जी थोडी औषधं उरलीत, त्यांत हे एक आहे. ते पुटकुळ्यांवर उधळावं असं मला वाटत नाही. शिवाय मळमळीचा इलाज जेवण आणि पाणी हा आहे, त्यासाठी औषध बदलायची गरजच काय? तोही माझ्याच धंद्यातला माणूस आहे, म्हणून जरा स्पष्टच बोलते. काउंटरवरून औषध बदलून देणं हे आमचं काम नव्हे.

आता त्या दोन ट्यूबा परत सुरू करा, पण पहिल्यासारख्या नाही. चेहरा सोलवटला याचा अर्थ क्रीम सोसत नाही असा नसतो, बहुतेक वेळा ती फार लावलेली असते. मुलं ती फोडावर थापतात. अख्ख्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढी पुरते, तीही फोड असो-नसो, सगळीकडं पातळ पसरून. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठ सोडून. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, वीस मिनिटं थांबायचं, मग लावायची. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. वरून साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. जेल 2.5 टक्क्यांचं आहे का ते ट्यूबवर बघा. तेही सोसेना झालं तर सुरुवातीला लावून पाच-दहा मिनिटांत धुऊन टाकलं तरी चालतं, हळूहळू वेळ वाढवता येतो. पाठीला तर आंघोळीआधी असंच लावायचं. पहिल्या महिन्यात पुटकुळ्या थोड्या वाढल्यासारख्या वाटतात. तिथंच सगळ्या आया क्रीम फेकून देतात.

आणि शेजारीण एखादी ट्यूब देईल, चार दिवसांत चेहरा चकाचक करणारी. तिच्यात स्टेरॉइड असतं. घेऊ नका. सोडली की दुप्पट पुटकुळ्या येतात, त्वचा पातळ आणि लाल होते ती वेगळीच.

तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही. सहा ते आठ आठवड्यांनी दिसायला लागेल. तेव्हा एकदा डॉक्टरांना दाखवून या, फोटो काढून ठेवलेत तर तुलना सोपी जाते. तीन महिन्यांनी लाल फोड निम्म्यावर आले तरी गोळीनं आपलं काम केलं म्हणायचं. गोळी थांबेल, अ‍ॅडापलीन मात्र पुढं कित्येक महिने चालू राहील. तीच थांबवली की परत येतात. काहीच उपयोग झाला नाही किंवा खोल खड्डे पडायला लागले तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनचं, म्हणजे हट्टी पुटकुळ्यांवरच्या जास्त जोरकस गोळीचं, बोलतील. ते निराळं प्रकरण आहे, पण एक लक्षात ठेवा, ते आणि डॉक्सी एकत्र घ्यायचं नाही. दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो.

नुसत्या डॉक्सीनंही क्वचित तसं होतं. म्हणून डोकं भयंकर दुखायला लागलं आणि सोबत अंधुक किंवा दोन-दोन दिसायला लागलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. डोळे पिवळे झाले, तापाबरोबर अंगावर चट्टे आणि तोंडात फोड आले, पाण्यासारखे जुलाब थांबेनात किंवा त्यात रक्त दिसलं, तरी तेच. थोडं पोट बिघडलं तर चालतं. दह्याची वाटी द्या, फक्त गोळीपासून लांब.

एक गोष्ट त्याला एकट्याला गाठून विचारा, रागावू नका. जिमच्या बॅगेत प्रोटीन पावडरचा डबा आहे का? व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीपासून केलेली पावडर) आणि पुटकुळ्या यांचा संबंध बऱ्याच मुलांत दिसतो. आणि कुणी "बॉडी"साठी इंजेक्शन देऊ केलंय का, तेही. पाठभर फोड एकाएकी उसळले असतील तर हा प्रश्न डॉक्टरही विचारतील, त्याआधी घरात विचारलेला बरा.

जर्सीचं तेवढं सांभाळा. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग खातं, धुतल्यावरही परत येत नाही. उशीला पांढरी खोळ घाला, टॉवेलही पांढरा द्या, आणि सामन्याच्या दिवशी जेल घरी येऊन आंघोळ झाल्यावरच लावू दे. नाहीतर तालमीच्या जर्सीची कॉलर पांढरी करून मैदानात उतरेल आणि पेठेत मला शिव्या बसतील.